पेजेबरोबर काय खाता, हे आधी विचार

आदरणीय सिस्टर,

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सध्या आमची कम्युनिटीची पोस्टिंग सत्तरीतल्या एका गावात चालू आहे. प्रत्येकीला पाच घरं वाटून दिलीत. माझ्या एका घरात बहात्तर वर्षांची आजी आहे, बीपी नि शुगर दोन्ही असलेली. मीठ कमी करा, रोज चाला, पायांची काळजी घ्या, असं सगळं मी तिला चार्ट दाखवून सांगितलं. ती नुसती हसली. आतून तिची सून म्हणाली, "परत आयल्यांत कागद भरूंक." परतीच्या वाटेवर मला रडू आलं. थिअरीत मला चांगले मार्क पडतात, व्याख्या तोंडपाठ आहेत, पण दारात उभी राहिले की काहीच सुचत नाही. माझ्या मैत्रिणी आयसीयूत किती नवं शिकताहेत! बाबा म्हणतात, दारोदार फिरायलाच शिकायचं होतं तर एवढा खर्च कशाला केला? हा विषय अभ्यासायचा तरी कसा? आणि खरं सांगा, हे नर्सिंग आहे का?

— एक विद्यार्थिनी (नाव छापू नये)

प्रिय बाय,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, हे नर्सिंगच आहे. मी त्यातच केस पांढरे केले आणि पुन्हा निवडायची वेळ आली तर हेच निवडीन.

आता त्या सुनेकडे येऊ. तिचं बोलणं तुला लागलं, पण ती खोटं बोलली नाही. तिच्या दारात दर वर्षी नवी बॅच येते. घरात माणसं किती, उत्पन्न किती, विहीर कुठं, संडास आहे का, हेच तेच विचारते, फोल्डर भरते आणि जाते. तू तिच्या घरातून दोन पानं भरून माहिती नेलीस. बदल्यात घरात काय ठेवून आलीस? आजीचा बीपीचा आकडा तिला किंवा सुनेला सांगितलास का? सांगितला असशील, तर त्याचा अर्थ सांगितलास का? पहिल्या भेटीत आपण घर तपासतो असं आपल्याला वाटतं, पण खरं तर घर आपल्याला तपासत असतं. आपलं काम सुरू होतं दुसऱ्या भेटीला. तू परत गेलीस की त्या सुनेला दिसेल, ही नुसती कागदासाठी आलेली नव्हती.

मग दुसऱ्यांदा जाऊन करायचं काय? चार्ट घरी ठेव. आजीला विचार, सकाळी पेज किती वाजता घेता आणि पेजेबरोबर काय खाता?

हा साधा प्रश्न नाही. आपल्याकडे उकड्या तांदळाची पेज अळणी असते, तोंडाला चव येते ती सोबतच्या खाऱ्यामुळं. कधी भाजलेला सुका बांगडा, कधी सुंगटांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, किसमूर, कधी मिठात मुरवलेली तोरं, म्हणजे कोवळ्या कैऱ्या, नाहीतर लोणच्याची फोड. तू "मीठ कमी करा" म्हणालीस तेव्हा आजीच्या डोळ्यांपुढं आमटीत टाकायचं मीठ आलं असणार. ते ती टाकतच नाही, सून टाकते. म्हणून ती हसली. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा, तोही दिवसभरातलं सगळं धरून. सुक्या मासळीचा एखादा तुकडा आणि दोन तोरं यातच त्यातला बराचसा वाटा संपतो. पण आजीला खारं बंद करायला सांगू नकोस. बहात्तर वर्षं जे तोंडाला लागलंय ते तुझ्या शब्दावर सुटणार नाही आणि अळणी पेज खायची म्हणून ती पेजच टाकेल. तिच्याशी ठरव. खारं रोज नको, आठवड्यातून एकदा; तेही आधी पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून. इतर दिवशी खोबरं-मिरचीची बिनमिठाची चटणी, आंबटपणाला सोलं किंवा बिंबल. यातलं काय जमेल ते आजीला नि सुनेला ठरवू दे. त्यांनी एक गोष्ट कबूल केली तरी तुझी भेट सार्थकी लागली असं समज.

शुगरचंही तसंच आहे. काजूच्या दिवसांत गेलीस तर नीरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा रस, विचार. ताजा नीरो पोटाला चांगला म्हणून घरोघर पितात आणि तो म्हणजे गोड रस. हुर्राक, म्हणजे काजूची दारू, पिणारा कोणी शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल, तर उपाशीपोटी प्याल्यानं साखर एकदम खाली जाऊ शकते, घाम सुटतो, हात थरथरतात, आणि घरचे समजतात चढली म्हणून. ही एक गोष्ट समजावून सांगितलीस तरी एखाद्याचा जीव वाचेल. इन्सुलिन चालू असलेल्या घरात फ्रीज आहे का ते बघ. नसेल तर मातीचं मडकं पाण्यात ठेवून त्यात, सावलीच्या कोपऱ्यात, कुपी ठेवता येते. फ्रीज असेल तर बाटली बर्फाच्या कप्प्यात नाही ना, ते बघ. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

आणि पाय. "पायांची काळजी घ्या" हे वाक्य बोलायला सोपं. बहात्तर वर्षांच्या बाईला स्वतःचा तळवा दिसतो का, ते तिला बसवून बघ. वाकता येत नाही, डोळ्यांना अंधुक दिसतं आणि शुगरनं संवेदना गेलेली असेल तर काटा रुतलेलाही कळत नाही. ती कुळागरात, सुपारी-नारळाच्या बागेत, अनवाणी जाते का? चुलीवरचं कढत पाणी पायावर घेते का? तळवा तू स्वतः हातात घे, बोटांच्या बेचक्यांत बघ, भेग, फोड, ओलसरपणा, रंगातला फरक. मग घरात शाळेत जाणारा नातू-नात असेल तर त्यांना दाखव आणि सांग की रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी, उजेड असताना, आजीचे पाय बघायचं काम तुमचं. मुलं असलं काम मनापासून करतात. नात तुझ्यापेक्षा जास्त वेळा त्या घरात असणार, हे विसरू नकोस.

हे सगळं मी पुस्तकातून शिकले नाही. चुकून शिकले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका गरोदर बाईला मी लोहाच्या गोळ्या नियमानं देत होते. दर महिन्याला विचारायची, "घेतेस ना?" ती मान हलवायची. सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन वाढायच्या ऐवजी घटलेलं. घरी गेले तर फळीवर बिस्किटांच्या डब्यात सगळ्या गोळ्या तशाच. पहिल्या आठवड्यात शौच काळं झालं, ती घाबरली, सासू म्हणाली पोरावर काळी सावली पडेल. गोळीनं शौच काळं होतं आणि ते घातक नाही, हे एक वाक्य मी तिला आधी सांगितलं नव्हतं. आजही तो डबा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. गरोदरपणात ११ ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिडची गोळी रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस, हा आजचा नियम; तेव्हाचा नियमही मला असाच पाठ होता. पाठ नव्हतं ते एवढंच, की ती बाई गोळी कधी घेते, कशाबरोबर घेते आणि का थांबवते. चहाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको, मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर, सोबत लिंबू किंवा आवळा. आणि घराभोवती मशिंगाचं, म्हणजे शेवग्याचं, झाड असेल तर त्याच्या पाल्याची भाजी. या गोष्टी विचारल्याशिवाय गोळ्यांची पाकिटं वाटणं म्हणजे फक्त रजिस्टर भरणं.

तेव्हापासून मी "घेता ना?" असं कधी विचारलं नाही. त्या प्रश्नाला प्रत्येक जण हो म्हणतो. मी म्हणते, "गोळ्या कुठं ठेवता, जरा दाखवा बघू." पाकीट हातात आलं की किती उरल्यात ते आपणच मोजायचं. न ओरडता.

दारात काही सुचत नाही म्हणतेस. त्याचं एक कारण मला वाटतं, तू तोंडानं सुरुवात करतेस. हातानं कर. आपली बॅग टेक्निक, म्हणजे घरभेटीची बॅग मांडायची-उघडायची पद्धत, शिकवतात ती नुसती जंतुसंसर्गासाठी नाही. चपला बाहेर काढ, सोप्यावर किंवा पडवीत जिथं बसायला सांगतील तिथं बस, वर्तमानपत्र पसर, त्यावर बॅग ठेव, जमिनीवर कधीही नको. साबण नि टॉवेल काढून हात धुवायला पाणी माग. या दोन-चार मिनिटांत घर तुझ्याभोवती जमतं. पाणी कुठून आणून देतात ते दिसतं, भांडं झाकलेलं होतं का, चूल की गॅस, धूर किती, कोण खोकतंय. वापरलेला कागद आतल्या बाजूनं घडी घालून उचल. तुझे हात शिस्तीत चाललेले बघून माणसाचा तुझ्यावर विश्वास बसतो, तसा तो चार्टानं बसत नाही.

मग बीपी. आजीला उठवून आणून लगेच पट्टा बांधू नकोस. पाच मिनिटं शांत बसू दे, पाठ टेकलेली, पाय जमिनीला लागलेले, हात हृदयाच्या उंचीला. आधीच्या अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झाली का विचार. मोजताना बोलू नकोस, तिलाही बोलू देऊ नकोस. मिनिटभरानं पुन्हा मोज. ही पाच मिनिटं वाया जात नाहीत. सुनेला ती मोकळीच असतात, तेवढ्यात तीच बोलायला लागते.

आता अभ्यासाचं. व्याख्या पाठ असणं चांगलंच, ते टाकून देऊ नकोस. फक्त प्रत्येक व्याख्येला एक घर नेमून दे. प्रतिबंधाच्या पातळ्या तुला येतात. त्या सत्तरीतल्या माकडतापावर लावून बघ. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा रोग २०१५ पासून आपल्या सत्तरीत दिसतो आहे. गोचिडीतून येतो, काजूच्या मोसमात, कारण तेव्हाच माणसं पहाटेपासून पालापाचोळ्यात वाकून बिया वेचत असतात. अंगभर कपडे, उघड्या अंगाला गोचीड पळवणारं तेल, पाल्यावर बसायचं नाही, घरी आल्या आल्या साबणानं आंघोळ आणि कपडे गरम पाण्यात, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता केंद्रावर कळवायचं: ही प्राथमिक पातळी. बागेत जाणाऱ्याला अचानक जोराचा ताप, डोकं-अंग मोडून येणं, तर दोन दिवस घरी न काढता लगेच रक्त तपासायला पाठवणं: ही दुसरी. ताप उतरलेल्यावर आठवडा-दोन आठवडे लक्ष ठेवणं, कारण काहींना तो परत येतो आणि मान आखडते, भान हरपतं. अशाला ताबडतोब रुग्णालयात नेणं आणि नंतरच्या अशक्तपणात त्याला कामावर पिटाळू न देणं: ही तिसरी. असं एकदा लिहिलंस की परीक्षेत विसरणार नाहीस.

याच मोसमात आणखी एक बघ. तू सकाळी दहाला गेलीस तर घराला कुलूप किंवा एकटी म्हातारी माणसं. कामाची माणसं बागेत. भेटीची वेळ आपल्या बसच्या वेळेवर ठरते, त्यांच्या दिवसावर नाही, ही आपल्या सगळ्या व्यवस्थेची खोड आहे. पर्वरीच्या बाजूला बांधकामाच्या एका साइटवर मला हे नीट कळलं. मजुरांना विवॅक्स मलेरिया. क्लोरोक्विन तीन दिवस, त्यानं ताप जातो. मग प्रायमाक्विन चौदा दिवस, कारण जंतू यकृतात दडून राहतात आणि महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतात. ताप गेला की मजूर गोळ्या सोडायचे, आणि मी दिवसा गेले की कोणी भेटायचं नाही. संध्याकाळी सातला, चुली पेटल्यावर गेले तर सगळे तिथंच. तिथंच कळलं की एकाची बायको गरोदर आहे आणि नवऱ्याची उरलेली गोळी तीच घेणार होती. प्रायमाक्विन गरोदर बाईला चालत नाही. संध्याकाळी गेले नसते तर हे मला कधी कळलंच नसतं. स्लॅबवर पाणी साठवलेलंही तेव्हाच बघितलं, आणि त्यात वळवळणाऱ्या डासांच्या अळ्याही.

आकड्यांचं एवढंच: छेदाशिवाय अंश सांगू नकोस. "गावात सहा तापाचे रुग्ण" याला अर्थ नाही. साठ माणसांच्या वाड्यावर सहा म्हणजे दहातला एक, धावाधाव करायची वेळ. बाराशेच्या गावात सहा म्हणजे दोनशेत एक. तू भरतेस ते फोल्डर म्हणजे हाच छेद आहे. म्हणून त्यातली वयं नि माणसं खरी भर, झाडाखाली बसून अंदाजानं नको.

पुस्तकातलं सगळं गोव्यात जसंच्या तसं नाही, तेही ध्यानात घे. पुस्तकात पानोपानी आशा कार्यकर्ती आहे, हजार लोकसंख्येमागं एक. आपल्याकडं ती योजना आली नाही. तो भार एएनएम, म्हणजे उपकेंद्राच्या परिचारिका, आणि अंगणवाडीच्या बाई उचलतात. परीक्षेत लिहायचं ते लिही, पण गावात गेल्यावर आधी अंगणवाडीत जा. कुठल्या घरात नवी बाळंतीण आली, कोण माहेरी गेली, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

घरात ऐकलेलं घरातच ठेव. क्षयाचा रुग्ण असलेल्या घराच्या दारातून "गोळ्या घेतल्या का?" असं मोठ्यानं विचारलंस तर उद्यापासून त्यांच्या विहिरीवर कोणी येणार नाही. आणि जे तुझ्या आवाक्याबाहेरचं ते एकटीनं पेलू नकोस. पाचवा महिना उलटलेल्या गरोदर बाईचा बीपी १४०/९० किंवा वर आणि सोबत डोकं दुखतंय, डोळ्यांपुढं अंधारी, पोटात वरच्या बाजूला कळ, तर समुपदेशन करत बसू नकोस. १०८ ला फोन, आणि मग तुमच्या मॅडमना. एखाद्या बाईच्या अंगावर मारल्याचे वळ दिसले तर सगळ्यांसमोर विचारू नकोस. ती एकटी असताना विचार, महिलांसाठी १८१ क्रमांक आहे हे सांग आणि मॅडमना कळव.

रडलीस त्याबद्दल. १८५९ साली लिव्हरपूलमध्ये विल्यम रॅथबोन नावाच्या व्यापाऱ्याची बायको वारली. तिची सेवा केलेल्या मेरी रॉबिन्सन या परिचारिकेला त्यानं शहरातल्या गरिबांच्या घरी जाऊन सेवा करायला तीन महिन्यांसाठी नेमलं. महिन्याभरात ती रडत परत आली, म्हणाली, इतकं दैन्य मला बघवत नाही. त्यानं तिला धीर दिला, तिनं मुदत पुरी केली, आणि शेवटी म्हणाली की आता मला हेच काम करायचंय. घरोघरच्या परिचर्येची सुरुवात जिथून सांगतात, तिथंही पहिल्या महिन्यात रडूच होतं. आपल्याकडं १९१८ साली दिल्लीत लेडी रीडिंग हेल्थ स्कूल निघालं, तिथं आरोग्य भेटीसाठी बायकांना तयार करू लागले. तेव्हापासून या देशात बायका हे काम करताहेत.

मैत्रिणींचा हेवा करू नकोस, आयसीयू तुलाही मिळेल आणि तेही मन लावून शीक. तिथं रुग्ण आपल्या पलंगावर असतो, आपले कपडे घालतो, आपल्या वेळेला जेवतो. इथं आपण त्याच्या घरात असतो. इथं काय होतं यावर तो तिथं पोचणार की नाही, ते पुष्कळदा ठरतं.

राहिले बाबा. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांना खर्चाची नि तुझी काळजी आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या मधुमेह अभ्यासात मधुमेहाचं सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. चार प्रौढांत एकाहून जास्त. बाबांनी शुगर शेवटची कधी तपासली विचार. या रविवारी त्यांना खुर्चीत पाठ टेकून बसव, चहाच्या आधी, पाच मिनिटं गप्प. पट्टा बांध, दोनदा मोज, आकडा कागदावर लिहून त्यांच्या हातात दे आणि त्याचा अर्थ सांग. जास्त आला तरी घाबरवू नकोस, एका दिवसाच्या मापावर निदान होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा मोज, तरीही चढाच असेल तर त्यांना घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रावर जा. सोमवारी मात्र आजीकडं जायचंय, ते चुकवू नकोस.

तुझी,
सिस्टर